जपानच्या व्यापारी दौऱ्यात छोट्या कंपनीनं जावं का? (हळद, समुद्रपूर तालुका)

गिरडची_हळद
नमस्कार मंडळी. आमची समुद्रपूर तालुक्यात शेतकरी उत्पादक कंपनी आहे, सभासदांची हळद गोळा करून शिजवतो, वाळवतो, पॉलिश करतो आणि थोडी दळून पाकिटात विकतो. वायगाव हळदीला 2016 साली जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं तेव्हापासून एक्सपोर्टचं बोलणं चालू आहे पण माल हिंगणघाट नागपूरच्या पुढं स्वतःच्या नावानं काही गेला नाही, मुंबईचा व्यापारी उचलतो आणि तो पुढं कोणत्या देशात कोणत्या भावानं देतो हे आपल्याला कधी कळतच नाही.

आता एका उद्योग संघटनेकडून निरोप आलाय. मार्चमध्ये टोकियोत फूडेक्स म्हणून खाद्यपदार्थांचं मोठं प्रदर्शन असते, त्याला धरून छोट्या कंपन्यांचं शिष्टमंडळ नेऊन राहिले. प्रदर्शनात सामायिक स्टॉल, मग टोकियो आणि ओसाकाला आधीच ठरवलेल्या खरेदीदारांसोबत भेटी, दुभाषा त्यांचाच. विमानभाडं आणि स्टॉलचं भाडं योजनेतून काही परत मिळेल म्हणतात, पण आधी आपल्या खिशातून भरायचं.

संचालक मंडळात दोन तट पडलेत. जुन्या लोकांचं म्हणणं, एवढ्या पैशात वाफेवर शिजवायचं आणखी एक यंत्र येते, जपान पाहून काय होणार. तरुण पोरं म्हणतात जाऊच. मला कोणी अनुभवाचं सांगा, अशा दौऱ्यानं छोट्या कंपनीचा माल खरंच जातो का?

वऱ्हाडी_शेतकरी
भाऊ रोखठोक सांगतो, राग नका मानू. आमच्या वरुड मोर्शीकडं संत्र्याच्या नावानं लय दौरे झाले, शिष्टमंडळं गेली, फोटो छापून आले. संत्र्याले 2014 मधे जीआय भेटलं. पण जपानले ताजा संत्रा जातच नाई, काहून की आपल्याकडं फळमाशी हाय आणि त्यायच्या क्वारंटाइनच्या कायद्यात ज्या देशात थे माशी हाय तिथून अशी फळं आणाले बंदी हाय. आंब्याचं पण तसंच होतं, 1986 पासून बंद, मंग 2006 मधे उघडलं ते पण गरम वाफेची प्रक्रिया करून, आणि त्यायचा इन्स्पेक्टर इथं येऊन डोळ्यानं पाहून जाते तेव्हाच पेटी हालते. म्हणून म्हणतो, दौऱ्याच्या आधी हे पाहा की आपल्या मालाले तिथं दरवाजा हाय का नाई. नसन तर हजार भेटी घेऊन काई फायदा नाई, तो विषय दोन सरकारांचा हाय, आपल्या कंपनीचा नाई.

बुटीबोरी_एक्सपोर्ट
वऱ्हाडी भाऊंचा मुद्दा एकदम पहिला आहे, आणि हळदीच्या बाबतीत उत्तर सरळ आहे की वाळलेल्या हळदीला दरवाजा उघडाच आहे. जपान हळद बाहेरून घेतो आणि त्यातली बहुतेक आपल्या देशातूनच जाते. तिकडे करी राइस घराघरात खातात, एस अँड बीवाले 1923 पासून करी पावडर बनवत आहेत, आणि हाउस फूड्सनं 2004 साली हळदीचं छोट्या बाटलीतलं पेय काढलं, दारू पिण्याच्या आधी घेतात लोक, म्हणजे कुरकुमिनला, हळदीतल्या पिवळ्या द्रव्याला, वेगळं गिऱ्हाईक आहे. वायगावची ताकद त्या कुरकुमिनमध्येच आहे.

मी मसाल्याच्या युनिटमध्ये निर्यातीचं काम पाहतो, शिष्टमंडळासोबत जपानला जाऊन आलोय म्हणून जरा सविस्तर लिहितो. दौऱ्यात माल विकला जात नाही, ही अपेक्षा मनातून काढून टाका. जपानी खरेदीदार पहिल्या भेटीत ऑर्डर देत नाही, दुसऱ्या भेटीतही बहुतेक नाही. तो माणूस समोर बसला असला तरी निर्णय त्याच्या एकट्याचा नसतो, ऑफिसात परत जाऊन क्वालिटीवाला, गोदामवाला, साहेब सगळ्यांची संमती घेतो, त्याला महिने लागतात. पण एकदा सगळ्यांनी हो म्हटलं की मग किलोमागं दोन रुपये स्वस्त मिळालं म्हणून तो दुसरीकडे पळत नाही. आपल्या कळमना मार्केटची सवय असलेल्या माणसाला हे फार वेगळं वाटते.

मग दौऱ्याचा उपयोग काय? एकच पण फार मोठा. घरबसल्या शंभर मेल पाठवा, कोणी उत्तर देत नाही, कारण अनोळखी छोट्या कंपनीचं मेल तिथं कोणी उघडत नाही. दूतावास, एखादी संघटना किंवा जेट्रो (जपान सरकारची व्यापार संस्था) यांच्यापैकी कोणी मध्ये असलं की तोच माणूस अर्धा तास समोर बसतो. तो अर्धा तास आपल्याला विकत घेता येत नाही. आणि त्यात तो जे प्रश्न विचारतो ना, त्याच्यावरून पुढच्या वर्षभराचं काम कळते. माझ्यासमोर एकानं हळकुंड हातानं मोडलं, आतला रंग भिंगातून पाहिला, मग भाव न विचारता पहिला प्रश्न केला की हे वाळवताना जमिनीवर काय अंथरता. दुसरा प्रश्न, पॉलिशच्या ड्रममध्ये रंग टाकता का. तिसरा, या पोत्यातली हळद कोणत्या शेतकऱ्याची आहे ते कागदावर दाखवता येईल का. भावाचा विषय शेवटच्या पाच मिनिटांत आला.

गिरडची_हळद
हे वाचून घामच फुटला कारण आमच्याकडं काही सभासद सिमेंटच्या खळ्यावर वाळवतात, काही ताडपत्रीवर आणि काही सरळ अंगणात मातीवर. कोणत्या पोत्यात कोणाची हे आत्ता तरी नाही सांगता येणार, एकत्र करूनच पॉलिश होते.

लॅबवाला_वर्धा
गिरड भाऊ, वाळवण वगैरे सुधारता येते, खरा अडथळा औषधाच्या अंशाचा आहे. जपाननं मे 2006 पासून पॉझिटिव्ह लिस्ट, म्हणजे औषधांच्या अंशाच्या मर्यादांची यादी, लागू केली. त्यात ज्या औषधाची त्या पिकासाठी मर्यादा ठरवलेली आहे ती ठीक, पण ज्याची ठरलेलीच नाही त्याला सरसकट 0.01 पीपीएम (पीपीएम म्हणजे दहा लाखात एक भाग). हा आकडा किती छोटा आहे बघा, शंभर टन हळदीत एक ग्रॅम औषध, म्हणजे दहा टनाचे दहा ट्रक आणि त्यात चिमूटभर.

आता आपल्याकडं काय होते? हळदीवर कंदमाशीसाठी आळवणी होते ती वेगळी, पण बाजूच्या धुऱ्यापलीकडं कपाशी असते आणि तिच्यावर बोंडअळीचे फवारे चालू असतात. वारा आला की ते हळदीच्या पानावर आणि मातीत. शेतकरी शपथेवर सांगतो मी काही मारलं नाही, आणि तो खरंच बोलत असतो, तरी रिपोर्टमध्ये अंश येतो. म्हणून पट्ट्यातले शेतकरी निवडा, कपाशीला लागून असलेली कड वेगळी काढा, त्या कडेची हळद देशी बाजाराला द्या.

दुसरं, अफ्लाटॉक्सिन, म्हणजे बुरशीचं विष. जपानची मर्यादा एकूण 10 पीपीबी (अब्जात दहा भाग). शिजवल्यावर वाळायला वेळ लागला, अवकाळी पाऊस आला, ढीग झाकून ठेवला आणि आत दमट राहिला, की बुरशी. तिसरं, जंतू मारायला विकिरण करून आणतात काही लोक, वाशीला सोय आहे, पण जपानसाठी ते चालत नाही, तिकडे बटाट्याला कोंब येऊ नये एवढ्यापुरतीच किरणांना परवानगी आहे. वाफेनं निर्जंतुक केलेलाच माल लागेल.

आणि हे ध्यानात ठेवा की तिकडं बंदरावर माल उतरला की आयातदाराला क्वारंटाइन स्टेशनला आधी कळवावं लागते. सुरुवातीला ते अधूनमधून नमुने घेतात. पण एखाद्या देशाच्या एखाद्या मालात पुन्हापुन्हा दोष निघाला तर तपासणीचा हुकूमच निघतो, मग त्या देशातून येणारी प्रत्येक खेप आयातदाराच्या खर्चानं तपासतात आणि रिपोर्ट येईपर्यंत माल अडकून पडतो. म्हणजे एकाच्या दोषाचा भुर्दंड सगळ्या भारतीय हळदीवर. म्हणूनच ते लोक इतके प्रश्न विचारतात, त्यांना आपल्यावर संशय नसतो, त्यांना स्वतःच्या खर्चाची धास्ती असते.

सेवाग्राम_ताई
मी हळदीतली नाही, आमचा बायांचा गट खादीचे स्टोल, झोळ्या, उशीचे अभ्रे करतो, सूत आणि नैसर्गिक रंग. आम्ही अशाच एका शिष्टमंडळातून गेलो होतो म्हणून लिहिते.

पहिल्या वर्षी ऑर्डर शून्य. गावात लोक बोलले, फिरून आल्या म्हणून. पण एका दुकानवाल्या बाईनं आमचा निळीचा स्टोल टेबलावर पसरून धागे मोजायच्या काचेतून खूप वेळ पाहिला आणि मग दुभाष्याच्या मार्फत विचारलं की तुमच्याकडं शिवताना सुई तुटली तर काय करता. मी म्हटलं दुसरी लावतो. ती गप्प झाली आणि वहीत काहीतरी लिहिलं. भेट संपल्यावर दुभाष्यानं समजावून सांगितलं, तिकडं कपड्यात सुईचा तुकडा निघणं म्हणजे फार गंभीर गोष्ट आहे, 1995 पासून मालाच्या दोषाची जबाबदारी ठरवणारा कायदा आहे आणि दुकानाचं नाव एका तुकड्यानं जाऊ शकते.

परत आल्यावर आम्ही सुईचं रजिस्टर सुरू केलं. सुई तुटली की त्याच जागी काम थांबवायचं, सगळे तुकडे शोधायचे, जोडून पाहायचे की पूर्ण सुई होते का, आणि ते तुकडे सेलोटेपनं रजिस्टरच्या पानावर चिकटवायचे, तारीख, मशीन नंबर, कोण शिवत होतं, सही. तुकडा सापडला नाही तर त्या टोपलीतला सगळा माल बाजूला. सुरुवातीला बायांना कटकट वाटली, आता त्याच एकमेकींना टोकतात. धातू ओळखायचं टेबल मशीन एकट्याला परवडत नव्हतं, बाजूच्या दोन गटांना सोबत घेऊन घेतलं.

दुसऱ्या वर्षी परत गेलो, तीच बाई भेटली, मी रजिस्टरची फोटोकॉपी समोर ठेवली. तिनं एकेक पान पाहिलं. छोटी ट्रायल ऑर्डर तिथंच ठरली. त्यानंतर ती स्वतः सेवाग्रामला आली, आमच्याकडं जेवली, रंगाच्या हौदात हात घालून पाहिला. आता दरवर्षी घेते, फार मोठी ऑर्डर नाही पण थांबत नाही आणि पैसे वेळेवर.

म्हणून दादा, एकदाच जायचं असेल तर जाऊ नका. दोनदा जायची तयारी असेल तरच पहिल्यांदा जा.

वऱ्हाडी_शेतकरी
ताई हे तुमचं सुईचं लय आवडलं, खरं सांगतो. आमच्या कंपनीचे जे दौऱ्यात गेले होते थे परत आल्यावर कोणालेच काई सांगतलं नाई, कोणं काय विचारलं त्याची एक ओळ लिवून ठेवली नाई. तिथंच फरक पडते. पण ताई दोनदा जाचा खर्च छोट्या गटानं कुठून आणायचा?

सेवाग्राम_ताई
वऱ्हाडी दादा, पहिल्या वेळी भाड्याचा काही भाग लघुउद्योग मंत्रालयाच्या इंटरनॅशनल कोऑपरेशन योजनेतून संघटनेमार्फत परत मिळाला, उद्यम नोंदणी होती म्हणून. परतावा हातात यायला वेळ लागला, तोवर बचत गटाच्या पैशातून निभावलं, आणि बोर्डिंग पास, स्टॉलची पावती सगळं जपून ठेवा नाहीतर क्लेम अडकते. दुसऱ्या वेळी आम्ही स्टॉल घेतलाच नाही, दोघी गेलो, फक्त ठरलेल्या भेटी. त्यानं खर्च बराच खाली आला.

कपड्याला आणखी एक फायदा आहे, भारत जपान सेपा हा व्यापार करार 1 ऑगस्ट 2011 पासून लागू आहे त्यामुळे ओरिजिन सर्टिफिकेट लावलं की बहुतेक कपड्यांवर तिकडं शुल्क नाही. हे आमच्या खरेदीदारालाच माहीत होतं, आम्हाला तिनं सांगितलं, म्हणून म्हणते की जाण्याआधी आपल्या मालाचा एचएस कोड (कस्टममध्ये मालाच्या प्रकाराचा नंबर) आणि शुल्क पाहून ठेवा, समोरच्यानं विचारलं तर उत्तर पाहिजे.

कामठीकर
एक वेगळा धागा जोडतो. आपल्याकडं लोक जपानला एकदम परका देश समजतात पण नागपूर आणि जपानचं नातं जुनं आहे. कामठीचं ड्रॅगन पॅलेस 1999 मध्ये जपानच्या ओगावा सोसायटीच्या मदतीनं उभं राहिलं, भंते सुरई ससाई मूळचे जपानचे आणि आयुष्य नागपुरात इंदोऱ्याला गेलं. दीक्षाभूमीवर जपानी पाहुणे येतात. 2013 मध्ये महाराष्ट्र सरकारचा वाकायामा प्रांतासोबत करार झाला आणि 2015 ला तिथल्या कोयासान विद्यापीठात बाबासाहेबांचा पुतळा बसला.

हे भावनेपोटी नाही सांगून राहिलो. वाकायामा हा जपानचा संत्रावर्गीय फळांचा मुख्य पट्टा, तिथल्या मिकानचं, म्हणजे जपानी संत्र्याचं, नाव आहे. वरुड काटोलच्या माणसानं तिकडं विकायला नाही तर पाहायला जावं, प्रतवारी कशी करतात, छोट्या शेतकऱ्यांची सहकारी संस्था माल कसा एकत्र करते, साल आणि रसाचं काय काय बनवतात. ताज्या फळाला बंदी आहे हे वऱ्हाडी भाऊंनी बरोबर सांगितलं, पण रस, साल, तेल ही गोष्ट वेगळी. आणि नागपुरात जपानी शिकलेली आपलीच मुलं आहेत, आयटीत कामाला, त्यांच्यापैकी कोणाला तरी कंपनीच्या पत्रकाचं जपानी करायला बसवा. मशीनचं भाषांतर छापून नेऊ नका.

गिरडची_हळद
सगळ्यांचे खूप आभार, एवढं कोणी सांगितलं नव्हतं. अडचण अशी की मार्च म्हणजे आमचा शिजवणीचा हंगाम, तेव्हा माणसं हलूच शकत नाहीत, कढया चालू असतात, मजूर मिळत नाही. आणि भाव कसा सांगायचा? आम्हाला तर हिंगणघाटचा आजचा भाव एवढंच माहीत.

बुटीबोरी_एक्सपोर्ट
हंगामाचं खरं आहे, पण उलट बाजूनं पहा, मार्चला तुमच्या हातात त्या वर्षाचा ताजा माल असतो, नमुना कालच्या शिजवणीचा नेता येतो. दोघांनी जा, एक ज्याला हिशोब आणि बोलणं जमते तो, आणि दुसरा ज्यानं स्वतः हळद पिकवली तो. दुसरा फार महत्त्वाचा. मालाबद्दल विचारल्यावर व्यापारी माणूस चाचपडतो, शेतकरी सरळ सांगतो, आणि त्यांना शेतकऱ्याशी बोलायला आवडते. व्हिजिटिंग कार्ड दोन्ही हातांनी द्या, घेतलेलं कार्ड वाचा आणि टेबलावर समोर ठेवा, लगेच खिशात कोंबू नका.

भावाचं असं. बाजारभाव रोज हलतो, तो त्यांना चालत नाही. तुमचा कच्च्या मालाचा खर्च, वाफेचं निर्जंतुकीकरण, लॅब, पॅकिंग, नागपूरच्या कंटेनर डेपोपर्यंतचं भाडं, तिथून रेल्वेनं न्हावा शेवा बंदर, कस्टम एजंट, सगळं धरून एफओबी भाव (माल जहाजावर चढेपर्यंतचा) काढा आणि तो किती महिने धरून ठेवू शकता ते सांगा. भर कंटेनरएवढा माल पहिल्या वेळी कोणी मागणार नाही, ट्रायलमध्ये काही पोती दुसऱ्यांच्या मालासोबत एकाच कंटेनरमध्ये जातील, त्याचं किलोमागं भाडं जास्त पडते हे आधीच धरा. आणि जे जमणार नाही त्याला हो म्हणू नका. आपल्याकडं समोरच्याला नाही म्हणायचं जिवावर येते, पण तिकडं तुम्ही महिन्याला दोन टन म्हटलं आणि पाठवलं एक, की नातं संपलं.

जायच्या आधी तीन कागद हातात लागतील, डीजीएफटी या विदेश व्यापार खात्याचा आयईसी (आयात निर्यातीचा कोड), तो आता पॅनवरच निघतो आणि नागपुरात ऑफिस आहे, हळद मसाल्यात मोडते म्हणून स्पाइसेस बोर्डाची निर्यातदार नोंदणी, आणि एफएसएसएआयचा अन्न परवाना. सेंद्रिय म्हणून विकायचा विचार असेल तर नुसतं आपलं एनपीओपी हे सेंद्रिय प्रमाणपत्र तिथं पुरत नाही, जपानचं जेएएस प्रमाणपत्र लागते, ते नसेल तर पाकिटावर आणि पत्रकात सेंद्रिय शब्द टाकू नका.

परत आल्यावर आठवडाभरात ज्याला ज्याला भेटलात त्याला उत्तर गेलं पाहिजे, त्यानं विचारलेला एकेक प्रश्न लिहून त्याच्यासमोर उत्तर. जे अजून ठरलं नाही तिथं कोणत्या तारखेपर्यंत कळवू ते लिहा. माझ्या पाहण्यात शिष्टमंडळातल्या निम्म्या लोकांनी हेच केलं नाही.

लॅबवाला_वर्धा
यात माझी एक भर. या मार्चला जाऊ नका, पुढच्या मार्चला जा. हे वर्ष तयारीला वापरा. वीसेक शेतकरी निवडा, मे जूनमध्ये लागवडीपासूनच त्यांची नोंद ठेवा, काढणीनंतर त्यांचाच माल वेगळा शिजवा, वेगळ्या ताडपत्रीवर वाळवा, आणि पॉलिशचा ड्रम धुऊन आधी त्यांचा माल टाका. आणि मधल्या काळात खरेदीदार इकडं येतात तेव्हा भेटा. 2023 मध्ये स्पाइसेस बोर्डाची वर्ल्ड स्पाइस काँग्रेस वाशीला झाली होती, आपल्या सेवाग्राम एक्सप्रेसनं एका रात्रीचा प्रवास. असे कार्यक्रम देशात होत असतात, जपानचा खर्च करण्याआधी तिथं बोलायची सवय होते. जेट्रोचं ऑफिस मुंबईत पण आहे, त्यांचं मुख्य काम जपानी कंपन्यांसाठी असते पण कोण आयातदार हळद घेतो याची दिशा विचारायला काही हरकत नाही.

वऱ्हाडी_शेतकरी
हे पटलं. यंत्राचे पैसे पण वाचतीन आणि पोट्टे पण नाराज नाई होणार. गिरड भाऊ, तुमच्या जुन्या लोकायले सांगा की यंत्र घ्याच, पण जपानच्या मालासाठी घ्या, वाफेवर एकसारखी शिजते थे.

गिरडची_हळद
आज बैठकीत हे सगळं वाचून दाखवलं. ठरलं असं की या वर्षी यंत्र, पीएमएफएमई या केंद्राच्या छोट्या अन्नप्रक्रिया उद्योगांच्या योजनेतून 35 टक्के अनुदान मिळते का ते पाहतोय, आणि पुढच्या मार्चच्या शिष्टमंडळासाठी आत्तापासून पैसे बाजूला. कपाशीपासून लांब असलेले अठरा सभासद निघाले, त्यांची नावं लिहून झाली. खुद्द आमच्या सर्वांत विरोध करणाऱ्या काकांनी आपलं शेत पहिलं दिलं. लॅबवाले दादा, यंदाची त्यांची हळद आधी तपासून घ्यायची आहे म्हणजे आपण कुठं उभे आहोत कळेल. नमुना कसा काढायचा? प्रत्येकाचा वेगळा की सगळ्यांचा मिळून?

लॅबवाला_वर्धा
पहिल्या वेळी वेगळा काढा, खर्च जास्त होईल पण दोष कोणत्या शेतात आहे ते कळलं पाहिजे. फारच जड जात असेल तर शेजारच्या तीन तीन शेतांचा मिळून काढा. एकाच पोत्याच्या तोंडातून घेऊ नका, वरून, मधून, तळातून हळकुंडं घ्या, स्वच्छ कागदावर मिसळा, चार भाग करा, समोरासमोरचे दोन ठेवा, पुन्हा तसंच, अर्धा किलो उरेपर्यंत. असे दोन पुडे करा, एक लॅबला आणि एक सील करून तुमच्याकडं. खताच्या नाही तर बियाण्याच्या जुन्या पिशव्या अजिबात वापरू नका, त्यातलंच औषध रिपोर्टमध्ये येईल. पुड्यावर शेतकऱ्याचं नाव, गट नंबर आणि शिजवणीची तारीख पेननं लिहा. औषधाची यादी देताना जपानच्या मर्यादेप्रमाणे तपासा असं अर्जात लेखी मागा, नाहीतर देशी यादीप्रमाणे तपासून देतील आणि परत पैसे भरावे लागतील.